सोलरचा फोटो छापताना टनाला किती युनिट तेही छापा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात हल्ली वरचेवर बातमी येते की बेळगावच्या उद्यमबागेत नाहीतर मच्छे, होनगा बाजूला कुठल्या तरी कारखान्यावर सोलर बसलं. फीत कापताना चार-पाच लोक, मागं निळी पॅनेलं, आणि खाली ओळ असते की हा कारखाना आता हरित ऊर्जेवर चालणार. वाचून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण मी सगळी नोकरी फौंड्रीच्या, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्याच्या, इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये काढलेला माणूस, त्यामुळं फोटो बघितला की पहिला प्रश्न डोक्यात येतो तो हाच की बाबा रे, तुझ्या भट्टीला टनाला युनिट किती लागतात? ते काही कुठल्या बातमीत नसतं. म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, काटछाट करायची तर करा पण आकडे तेवढे काढू नका.

हिशोब साधा आहे. एक किलोवॉट सोलरला छपरावर साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि आपल्याकडं वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला चार युनिट मिळतात. म्हणजे दहा हजार चौरस फुटाच्या चांगल्या शेडवर १०० किलोवॉट बसलं, तर दिवसाला ४०० युनिट. आता लोखंड वितळवायला इंडक्शन भट्टीला, म्हणजे विजेवरच्या भट्टीला, टनाला बरी भट्टी असेल तर साडेपाचशे ते सहाशे युनिट लागतात, आणि हयगयीनं चालवलेली असेल तर सातशेच्या वरही जातात. म्हणजे अख्खं छप्पर पॅनेलनी भरलं तरी दिवसाचं एक टन लोखंडसुद्धा वितळत नाही! दिवसाला दहा टन मेल्टिंग करणारी फौंड्री म्हणजे आपल्याकडं काही फार मोठी नव्हे, तिला नुसत्या भट्टीला सहा हजार युनिट पाहिजेत, त्यात छपराचे चारशे म्हणजे शंभरात सहा-सात. त्यात पुन्हा मेल्टिंग बरेचजण रात्री घेतात कारण रात्री युनिटला दर कमी पडतो आणि संध्याकाळच्या जादा मागणीच्या वेळेला जास्त, आणि रात्री सोलर काय देणार. तरी बातमीत कारखाना हरित.

गैरसमज नको, सोलर बसवू नका असं मी म्हणत नाहीय. मशीन शॉपवाल्यांनी तर जरूर बसवावं. आपल्या बेळगावात हायड्रॉलिकचं काम करणारे, सीएनसीवर जॉबवर्क करणारे किती शेड आहेत, त्यांचं काम दिवसाचं, लोड बेताचा, त्यांना छपरावरच्या विजेनं खरंच मोठा फरक पडतो. फक्त जुन्या शेडवर सिमेंटचे पत्रे आहेत ते बघून घ्या, ते पॅनेलचं वजन आणि वर चालणारा माणूस दोन्ही पेलत नाहीत, पत्रा बदलायचा खर्च कोटेशनमध्ये नसतो आणि मग नंतर डोक्याला हात. आणि फौंड्रीच्या शेजारी शेड असेल तर पॅनेलवर काळी धूळ बसते, ती धुवायला पाणी लागतं, ते पाणी कुठून आणणार हेही आधीच ठरवा.

आता भट्टीकडं येतो कारण खरा खेळ तिथं आहे. पूर्वी आपल्याकडं क्युपोला होते, कोळसा म्हणजे कोक जाळून लोखंड वितळायचं, धूर सगळ्या परिसरात. मग हळूहळू इंडक्शन भट्ट्या आल्या आणि आकाश निवळलं. चांगलंच झालं, पण धूर संपला असं समजू नका, त्यातला बराचसा इथून उठून रायचूर आणि बळ्ळारीच्या औष्णिक केंद्रावर गेला, कारण कर्नाटकात शरावतीचं पाणी आहे, कैगाचा अणू आहे, पवन-सोलरही भरपूर आहे तरी कोळशाची वीज आपल्या तारेत अजून येतेच. म्हणून भट्टीत वाचवलेलं एक युनिट हे छपरावर तयार केलेल्या एका युनिटापेक्षा कमी नाही, उलट स्वस्त आहे, त्याला पॅनेल लागत नाही, सबसिडी लागत नाही आणि फीतही कापावी लागत नाही.

युनिट जातात कुठं? मी सांगतो. धातू तयार होऊन बसलाय, पायरोमीटरवर टेंपरेचर आलंय, आणि मोल्डिंगवाले म्हणतात अजून साचे लागायचे आहेत, साच्यात आत बसवायचा वाळूचा गाभा म्हणजे कोअर आला नाही, नाहीतर क्रेन दुसरीकडं अडकलीय. मग अर्धा तास भट्टी नुसती धरून ठेवायची, आणि थंड होईल या भीतीनं ऑपरेटर पन्नास-शंभर डिग्री वर चढवून ठेवतो. शंभर डिग्री जास्त चढवलं की टनाला वीस-पंचवीस युनिट गेलेच, शिवाय भट्टीचं आतलं अस्तर म्हणजे लायनिंग लवकर खातं ते वेगळं. झाकण तर कितीतरी भट्ट्यांना आहे पण वापरत कोणी नाही, बाजूला भिंतीला टेकवून ठेवलेलं, त्यावर हेल्परचा डबा. उघड्या भट्टीतून उष्णता वर छपराला जाते आणि भर उन्हाळ्यात माणूस तिथं उभा राहू शकत नाही. तिसरं भंगार. स्वस्त मिळतं म्हणून गंजलेलं, माती लागलेलं, वाळू चिकटलेलं भंगार टाकायचं, मग तो गंज आणि वाळू वितळवायलाही वीज तुमचीच जाते, टक्काभर स्लॅग म्हणजे वर तरंगणारी मळी झाली की टनाला साधारण दहा युनिट जादा असा अंदाज आमच्या धंद्यात धरतात. रनर-रायझर, म्हणजे साच्याच्या वाटांत गोठलेलं जादा लोखंड, परत भट्टीत टाकताना त्यावरची वाळू झाडून टाकायला एक माणूस लागतो, तो माणूस मालकाला महाग वाटतो आणि वीज मात्र वाटत नाही, कारण माणसाचा पगार शनिवारी हातानं द्यावा लागतो आणि बिल महिन्यातून एकदा येतं.

पण ह्या सगळ्याच्या वर आहे ते रिजेक्शन. ह्याबद्दल कोणी ऊर्जेच्या भाषणात बोलत नाही. ब्लो होल म्हणजे आत हवेचं भोक निघालं, कोअर सरकला, साच्याच्या वाळूतला ओलावा जास्त झाला, की कास्टिंग म्हणजे ओतलेला माल रिजेक्ट. मालक म्हणतो जाऊदे, परत वितळवू, लोखंड कुठं जातंय. लोखंड जात नाही हो, पण ते वितळवायला घातलेले सहाशे युनिट गेले की नाही, वर मोल्डिंगची वीज, शॉट ब्लास्टिंगची, ग्राइंडिंगची, आणि गिऱ्हाइकाकडं मशिनिंग होऊन मग रिजेक्ट झालं असेल तर त्याच्या मशीनची आणि टेंपोच्या डिझेलचीही. म्हणून मी म्हणतो की युनिट मोजायचे तर वितळलेल्या टनाला मोजू नका, गेटबाहेर गेलेल्या चांगल्या कास्टिंगच्या टनाला मोजा. भट्टीवाला कागदावर सहाशे दाखवतो, आणि चांगल्या मालावर भागून बघितलं तर हजाराच्या जवळ जातं, कारण वितळलेल्यातला तिसरा हिस्सा तर रनर-रायझरमध्येच परत येतो, वर रिजेक्शन वेगळं. मेथडिंग म्हणजे धातू साच्यात कसा न्यायचा याची आखणी नीट करून, कॉम्प्युटरवर सिम्युलेशन लावून रायझर बारीक केला, रिजेक्शन आठ टक्क्यांवरून चारावर आणलं, तर जी वीज वाचते ती बघा आणि मग सोलरच्या चारशे युनिटशी ताडून बघा. तुमच्या मेथड्स विभागातला पोरगा तुमच्या सोलर प्लांटपेक्षा जास्त वीज वाचवू शकतो, त्याला पगार मात्र जेमतेम.

हवेच्या कॉम्प्रेसरचं थोडक्यात सांगतो. रविवारी कारखाना बंद असताना कॉम्प्रेसर एकदा चालू करा आणि शेडमधून नुसते फिरा, फुस्स फुस्स आवाज येईल तिकडं जावा. ७ बार दाबाला ३ मिलिमीटरचं एक भोक म्हणजे तीन-साडेतीन किलोवॉट सतत जळतंय. लक्ष न दिलेल्या कारखान्यात शंभरातली वीस-तीस हवा अशीच गळते. होजला क्लॅम्प नीट लावला, प्रेशर एक बार उतरवलं तर सहा-सात टक्के वाचतात, खर्च जवळपास शून्य. एनर्जी ऑडिटवाले येऊन हेच सांगतात, जाड फाईल देतात आणि ती फाईल ऑफिसच्या कपाटावर गणपतीच्या सामानाशेजारी जाते. बीईई, म्हणजे २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली झालेली केंद्राची संस्था, तिनं युनिडो या संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संस्थेबरोबर देशातल्या लघुउद्योगांसाठी जो प्रकल्प घेतला होता त्यात फौंड्रीसाठी कोईमतूर, इंदूर आणि आपलं बेळगाव असे तीन क्लस्टर होते. म्हणजे माहिती आपल्या दारापर्यंत आलेली आहे, नाही असं म्हणायला जागा नाही.

आता इतकं सगळं वाचवूनही भट्टीला पाच-साडेपाच हजार युनिट रोज लागणारच, ते हरित कसे करायचे? छपरावर नाही होत हे वर बघितलं. त्याला उत्तर वारा आहे आणि ते आपल्याच भागात आहे. सौंदत्तीकडं जाताना डोंगरावर पवनचक्क्या दिसतातच, पुढं गदगच्या कप्पतगुड्डावरही आहेत. आपला वारा जून ते सप्टेंबर जोरात असतो, आणि बेळगावात नेमके तेच महिने ढगांचे, खानापूर-जांबोटीकडं तर सूर्य दिसायची मारामार, सोलर तेव्हा झोपतं. उलट फेब्रुवारी ते मे ऊन कडक आणि वारा मंद. म्हणजे एक झोपला की दुसरा जागा, शिवाय वारा रात्रीही असतो, जी आपल्या मेल्टिंगची वेळ. नुसतं सोलर घेण्यापेक्षा वारा-सोलर मिळून घेतलेलं फौंड्रीच्या लोडला जास्त बसतं हे सांगायला इंजिनियर लागत नाही.

पण पवनचक्की एकट्या लहान फौंड्रीवाल्याला कुठून परवडणार. त्यासाठी ग्रुप कॅप्टिव्ह म्हणून सोय आहे, २००५ च्या वीज नियमांत. वापरणाऱ्यांनी मिळून प्रकल्पात निदान २६ टक्के भांडवल घालायचं आणि तिथल्या विजेपैकी निदान ५१ टक्के आपणच वापरायची, की ती वीज स्वतःची धरली जाते आणि बाहेरून वीज घेणाऱ्याला लागतो तो क्रॉस सबसिडीचा सरचार्ज लागत नाही. २०२२ च्या ग्रीन ओपन अॅक्सेसच्या (म्हणजे बाहेरच्या उत्पादकाकडून हरित वीज थेट घ्यायची मुभा) केंद्राच्या नियमांनी तर मर्यादा एक मेगावॉटवरून १०० किलोवॉटवर आणली, अर्जावर १५ दिवसांत निर्णय नाही झाला तर मंजूर समजायचं असंही लिहिलं आहे. कागदावर. खाली ऑफिसात ते किती उतरतं हे ज्यानं फाईल घेऊन चकरा मारल्यात त्याला विचारा, मी इथं कोणाचं नाव घेत नाही. अर्ज कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत, आपला मराठी लघुउद्योजक तो सरळ कन्सल्टंटच्या हातात देतो, कन्सल्टंट सांगेल ती पूर्वदिशा, आणि नंतर समजतं की व्हीलिंग चार्ज म्हणजे वीज तारेतून आणायचं भाडं धरलाच नव्हता किंवा बँकिंग म्हणजे जादा वीज ग्रीडमध्ये जमा ठेवायची सोय वर्षाची समजून हिशोब केला होता. केंद्राच्या नियमात बँकिंगची हमी निदान महिन्याची आहे, म्हणजे जुलैचा जादा वारा मार्चमध्ये वापरायला मिळेल असं धरून चालू नका.

आणि खरी अडचण नियमाची नाही, आपली आहे. ग्रुप कॅप्टिव्हमध्ये प्रत्येकानं आपापल्या हिश्शाच्या प्रमाणात वीज वापरायची असते. एकानं मंदीत भट्टी बंद ठेवली, दुसऱ्यानं भागीदारी मोडली, की सगळ्यांच्या हिशोबाला झळ लागते. म्हणून वीस जणांनी एकमेकांचे ऑर्डरबुक थोडेफार उघडे करावे लागतात, आणि आपल्याकडं शेजारचा शेडवाला कुठल्या कंपनीचं कास्टिंग करतो हे विचारलं तरी माणूस विषय बदलतो. असोसिएशनच्या मिटिंगला जेवायला सगळे, सही करायला कोणी नाही. हे दुखणं कोल्हापूर, गोकुळ शिरगाव, शिरोलीकडंही असणार, तिकडच्या वीजदराशी आपला दर ताडून इकडं परवडतं का तिकडं हा वाद मात्र हायवेवरच्या प्रत्येक धाब्यावर चालू असतो. त्याऐवजी सीमेच्या दोन्ही बाजूच्या असोसिएशननी एकत्र बसून निदान करारांचे मसुदे तरी एकमेकांना दाखवावेत. राज्यं दोन, वीज आयोग दोन, तरी भट्टी एकच आहे.

वीज पाण्यावरनं, वाऱ्यावरनं काढून कारखाना चालवायचा हे आपल्या जिल्ह्याला काही नवीन नाही हो. गोकाकच्या धबधब्यावर १८८७ साली वीज तयार झाली, तीसुद्धा शेजारच्या सूतगिरणीसाठी. सव्वाशे वर्षांच्या वर झाली. आणि आज जिल्हाभर साखर कारखाने सीझनमध्ये बगॅस म्हणजे उसाचा चोथा जाळून स्वतःचा कारखाना चालवतात, को-जन म्हणजे वीजनिर्मितीचा जोड प्रकल्प असेल तर वर ग्रीडला विकतात. उसात शंभरात सत्तर पाणीच असतं, नीट घेतलं तर कारखाना बाहेरचं पाणी फारसं न घेता चालू शकतो, काही तसं करतातही, आणि काही तेच गरम पाणी नाल्यात सोडून वर नदीचं पाणी उपसतात. अथणी-रायबागकडं उन्हाळ्यात टँकर फिरत असतो हे ध्यानात ठेवून बघा.

पाण्यावरनं आठवलं. उद्यमबागेतल्या कितीतरी शेडला बोअरचं पाणी, ते जड, भट्टीच्या कूलिंगमध्ये खार बसतो, हीट एक्स्चेंजर चोंदतो, कूलिंग टॉवरचं पाणी सारखं फेकून नवीन घ्यावं लागतं. आणि वरून बाराशे मिलिमीटर पाऊस पडतो तो गटारात. त्याच दहा हजार फुटाच्या छपराचं गणित पुन्हा करा, वर्षाला अकरा लाख लिटर! सगळं साठत नाही, मान्य, फौंड्रीच्या छपरावर धूळ असते म्हणून पहिल्या एक-दोन पावसांचं सोडून द्यायचं, पुढचं गाळून टाकीत आणि उरलेलं बोअरला. पावसाचं पाणी मऊ, कूलिंग टॉवरला त्यासारखं पाणी नाही. राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी प्यायला राहूदे.

आणि वाळू. ही तर कोणाच्याच बातमीत नसते. साचे वाळूचेच असतात, एक टन कास्टिंगला चार-पाच टन वाळू फिरते. ती येते कुठून, तर कणकवली-कासार्डे भागातली सिलिका वाळू घाट चढून येते, तिकडचे डोंगर खणून. वापरून काळी झाली, बारीक झाली की ट्रॅक्टरनं गावाबाहेर नाल्याकाठी, रात्रीच्याला. रेझिननं बांधलेली वाळू असेल तर रिक्लेमेशन म्हणजे वाळू साफ करून परत घ्यायचा प्लांट लावून शंभरातली ऐंशी-नव्वद परत वापरता येते, ग्रीन सँड म्हणजे माती-पाण्यानं बांधलेली, तीही बरीच वाचते, उरलेली पेव्हर ब्लॉकमध्ये, विटांमध्ये चालते, ते करणारे लोक देशात आहेत. पण रिक्लेमेशनचं मशीन उद्घाटनाला देखणं नाही, त्याच्यापुढं उभं राहून फोटो चांगला येत नाही, धूळच धूळ.

बाहेरची गिऱ्हाइकं मात्र हे सगळं विचारायला लागलीत. युरोपचा कार्बनवरचा कर, सीबॅम, तो १ जानेवारी २०२६ पासून पक्का लागू झाला, लोखंड-पोलाद त्यात आहे. प्रत्येक कास्टिंग त्यात येतं असं नाही, पण मोठ्या कंपन्या आतापासूनच सप्लायरला फॉर्म पाठवतात की टनामागे वीज किती, कुठली, भंगार किती, पिग म्हणजे नवं कच्चं लोखंड किती. त्या फॉर्मवर सोलरचा फोटो चिकटवायला जागा नसते, आकडा लागतो.

तर साहेब, माझी विनंती एवढीच की ह्यापुढं अशी बातमी आली तर वार्ताहरांना चार गोष्टी विचारायला सांगा. चांगल्या कास्टिंगच्या टनाला युनिट किती, त्यातली हरित किती, रिजेक्शन किती टक्के आणि वापरलेली वाळू कुठं गेली. सांगितलं तर छापा, नाही सांगितलं तर सांगितलं नाही असं छापा. आमच्या वेळी शिफ्टच्या फळ्यावर खडूनं रोजचे युनिट लिहायची पद्धत काही ठिकाणी होती, दोन शिफ्टमध्ये चुरस लागायची, रात्रपाळीवाले झाकण लावायला लागले होते आपोआप, कोणी भाषण न देता. तो फळा गेटवर आणा म्हणावं. आणि आकडे विचारताना एप्रिल-मेचे एकटे घेऊ नका, त्या महिन्यांत सोलरवाला कोणीही शूर दिसतो, जुलै-ऑगस्टचे बिल मागा.

आपला नेहमीचा वाचक,
एक रिटायर मेंटेनन्सवाला,
अनगोळ, बेळगाव